हॅमस्टरसाठी पिंजरा नेमका किती मोठा घ्यावा? (लातूर, उन्हाळा तोंडावर आलाय)

रेवा_लातूर

नमस्कार सगळ्यांना. पोराच्या मामानं त्याला वाढदिवसाला हॅमस्टर आणून दिलाय, सोनेरी रंगाचा, पोट पांढरं, शेपूट नावालाच. सोबत दुकानातूनच पिंजरा दिलाय, खाली गुलाबी प्लास्टिकचा ट्रे, वर जाळी, एक जिना, एक माळा आणि वाटीएवढं चाक. मी टेप लावून मोजला तर दीड फूट बाय एक फूट पण पुरता भरत नाही. रात्री घर शांत झालं की हा जाळी चावायला बसतो ते पहाटेपर्यंत चावायलाच असतो, नाकावरचे केस गेलेत आता तिथले. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला मॅडम एवढासा जीव, त्याला काय बंगला लागतो का, दात शिवशिवतात म्हणून चावतो, लाकडाचा तुकडा टाका. टाकला, बघत पण नाही तिकडं.

मला हे पटेना म्हणून इथं विचारायलेय. नेमका किती लांब किती रुंद पिंजरा पाहिजे? विकतचा घ्यावा का बनवून घ्यावा? आणि आमचं घर वरच्या मजल्यावर, डोक्यावर डायरेक्ट गच्ची, एप्रिल-मे मध्ये काय होतं ते लातूरकरांना सांगायला नको. ज्यांनी पाळलेत त्यांनी सांगा प्लीज.

सिडकोवाला_संभाजीनगर

ताई, वर्णनावरून हा सीरियन हॅमस्टर आहे, त्यालाच गोल्डन पण म्हणतात. बोटाएवढे छोटे येतात ते ड्वार्फ, ते वेगळे.

सरळ आकडा सांगतो. जर्मनीतली प्राणीकल्याणासाठी काम करणाऱ्या पशुवैद्यांची संघटना आहे, त्यांची शिफारस कमीत कमी १०० सेंमी लांब, ५० सेंमी रुंद आणि ५० सेंमी उंच अशी आहे. आपल्या भाषेत सव्वातीन फुटापेक्षा जरा जास्त लांब आणि पावणेदोन फुटाच्या आसपास रुंद. आणि हे "कमीत कमी" आहे बरं का, लक्झरी नाही. तुमचा दुकानातला पिंजरा या मापाच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचत नाही.

अजून एक, माळे मोजायचे नाहीत. दुकानवाले तीन मजली पिंजरा दाखवून मोठा आहे म्हणून विकतात. हॅमस्टरला उंची कळत नाही, नजर कमजोर असते, कडेवरून सरळ पाऊल टाकतो आणि पडतो, पाय मोडतो. त्याला सपाट जमीन पाहिजे, एकसलग, मधे न तुटलेली.

बीडचा_बाळू

मला तर हे जास्तच वाटायलंय राव. आमच्या शेजारी त्याच पिंजऱ्यात दोन दोन ठेवलेत, वर्ष होत आलं, खातेत पितेत. सव्वातीन फुटाचा पिंजरा म्हणजे आमच्याकडं कोंबड्याच्या खुराड्याएवढा झाला की. एका उंदरासाठी?

नांदेडची_स्मिता

बाळूभाऊ राग मानू नका पण खातोय पितोय म्हणजे बरा आहे असं नसतं. जनावर बोलत नाही, ते जाळी चावून, एकाच कोपऱ्यात गोल गोल फिरून, छताला लटकून सांगतं. रेवाताईच्या पोराचा हॅमस्टर तेच सांगायलाय.

आणि ते दोन एकत्र ठेवलेले जर सीरियन असतील तर शेजाऱ्यांना आजच सांगा, हात जोडून सांगते. सीरियन एकटा राहणारा प्राणी आहे. लहान असताना भावंडं एकत्र झोपतात, महिना-दीड महिन्याचे झाले की भांडणं सुरू, मग रक्त निघेपर्यंत चावतात, एक दुसऱ्याला मारून टाकतो. नर-मादी असतील तर अजून वाईट, सोळा दिवसात पिल्लं होतात आणि त्या टीचभर जागेत मादी घाबरली की स्वतःची पिल्लं खाते. मी हे डोळ्यानं बघितलंय एका ओळखीच्यांकडं, परत बघायचं नाही मला. दोन पिंजरे, दोन चाकं, दुसरा उपाय नाही.

परभणी_वेटस्टुडंट

इथं पशुवैद्यक कॉलेजला आहे, शिकायलोय अजून, त्यामुळं डॉक्टर म्हणून नाही, वाचलेलं सांगतो. बाळूदादाचा प्रश्न रास्त आहे, एवढ्याशा जीवाला एवढी जागा कामून, तर त्याचं उत्तर कोणीतरी मोजून काढलंय.

२००७ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाच्या लोकांनी सोनेरी हॅमस्टर चार वेगवेगळ्या मापाच्या पिंजऱ्यात ठेवून बघितले. तळाचं क्षेत्रफळ १८००, २५००, ५००० आणि १०००० चौरस सेंमी. लहान पिंजऱ्यातले जास्त वेळा आणि जास्त वेळ जाळी चावत होते. १८०० म्हणजे आपला साधारण दोन फूट बाय एक फूट, दुकानात "लार्ज" म्हणून मिळतो तो. मजा म्हणजे त्या लहान पिंजऱ्यातले हॅमस्टर लाकडी घराच्या छताचा पण जमीन म्हणून वापर करत होते, इतकी जागा कमी पडत होती. पण हे पण प्रामाणिकपणे सांगतो की सगळ्यात मोठ्या पिंजऱ्यात सुद्धा चावणं पूर्ण थांबलं नव्हतं.

ते कशानं थांबतं हे त्याच्या आदल्या वर्षीच्या, २००६ च्या अभ्यासात सापडतं. त्यात पिंजऱ्यात भुशाचा थर १०, ४० आणि ८० सेंमी असा ठेवला. १० सेंमीवाले सगळ्यात जास्त चावत होते, ८० सेंमीवाल्यांमध्ये जाळी चावणं जवळपास दिसलंच नाही. म्हणजे लांबी-रुंदी पाहिजेच, पण खोली पण पाहिजे. खणायला मिळालं पाहिजे.

यामागं कारण आहे. आज जगभर घराघरात जे सीरियन हॅमस्टर आहेत ते जवळपास सगळे १९३० साली सीरियात अलेप्पोजवळ शेतातून खणून काढलेल्या एका मादीच्या पिल्लांचे वंशज आहेत. पुढं त्या भागात जंगली हॅमस्टरची बिळं मोजली तर ती ३६ पासून १०६ सेंमीपर्यंत खोल निघाली, सरासरी ६५. आणि एका बिळात एकच प्रौढ. ते पण बहुतेक शेतातच राहतात, तिथले शेतकरी त्यांना आपण उंदराला बघतो तसंच बघतात. अशा जनावराला दोन बोटं भुशावर ठेवलं तर ते काय करणार, जाळीच खणणार.

दाताचं म्हणाल तर दात आयुष्यभर वाढतात हे खरं आहे, त्यासाठी लाकूड ठेवावंच. पण रोज रात्रभर एकाच जागी जाळी चावणं हे दात शिवशिवण्यानं होत नाही. उलट समोरचे दात वाकडे होतात, तुटतात.

सुतार_जालना

मी फर्निचरचं काम करतो, हॅमस्टर पाळला नाही पण एका गिऱ्हाईकाच्या मुलीसाठी बॉक्स करून दिलाय आणि ती पोरगी अजून फोटो पाठवते म्हणून सांगतो. विकतच्या मागं लागू नका, एवढ्या मापाचा पिंजरा आपल्याकडच्या दुकानात मिळत नाही आणि ऑनलाईन मागवला तर भाडंच लई बसतं.

आठ बाय चारचं एक प्लायशीट घ्या, बारा एमएम. त्याचे चार फूट बाय दोन फूट असे चार तुकडे पाडा. एक तळ, एक मागची बाजू, एक पुढची बाजू, आणि चौथा मधोमध कापला की दोन बाय दोनचे दोन तुकडे, त्या झाल्या डाव्या-उजव्या बाजू. कटिंगची धार जाते तेवढी सोडली तर शीटमधलं काहीच वाया जात नाही. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पेटी तयार. वरून उघडी. पुढच्या तुकड्याला खालून दहा-बारा इंच प्लाय ठेवायचा आणि वर खिडकी कापून काच नाहीतर ॲक्रिलिक बसवायचं, म्हणजे पोरांना दिसतं आणि भुसा बाहेर येत नाही.

वरच्या झाकणाला लाकडी पट्टीची चौकट आणि पाव इंची वेल्ड जाळी. प्लॅस्टिकची डासाची जाळी लावू नका, एका रात्रीत भोक पाडील. आतून सगळीकडं, निदान तळाला आणि फूटभर उंचीपर्यंत, सनमायका मारा नाहीतर मुतानं प्लाय फुगतो आणि वास जाता जात नाही. सांध्यांत दात घालायला कड मिळाली तर कुरतडून बाहेर येतो म्हणून आतून कुठं पट्टीची धार सोडू नका. आणि गोंद-पॉलिशचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी वाऱ्याला ठेवा, घाई करून जनावर आत टाकू नका.

रेवा_लातूर

सगळ्यांचे खूप आभार, एवढं तपशीलवार कोणी सांगितलं नव्हतं. दादा, चार बाय दोन ऐकून नवरोबा म्हणाले ठेवायचा कुठं. बेडरूममध्ये दिवाण आणि कपाट झाल्यावर जागा उरत नाही. दिवाणाच्या आत, बॉक्समध्ये, झाकण थोडं उघडं ठेवून चालेल का? आणि स्मिताताई तुम्ही कशात ठेवता?

नांदेडची_स्मिता

दिवाणाच्या आत नको गं, हवा खेळत नाही, लघवीचा वास कोंडतो, हॅमस्टरच्या फुफ्फुसाला तो अमोनिया लई त्रास देतो. त्यापेक्षा दिवाणाच्या पायथ्याशी भिंतीला लावून ठेव नाहीतर टेबलावर. हॉलमध्ये टीव्हीजवळ नको, दिवसा झोपतो तो.

मी चार फूट बाय दीड फुटाचा काचेचा फिश टँक वापरते, जुना, एका जागी किंचित गळका होता म्हणून माशाला चालत नव्हता, स्वस्तात मिळाला. दीड फूट रुंदी जरा कमी पडते पण लांबी चांगली आहे म्हणून क्षेत्रफळ ५००० चौरस सेंमीच्या वर जातं. एका बाजूला फूटभर भुसा, दुसऱ्या बाजूला अर्धा. त्यानं आत असा बोगदा काढलाय की काचेतून बघत बसावं वाटतं, झोपायची खोली वेगळी, दाण्याची कोठी वेगळी, मुतायची जागा सगळ्यात लांब. ज्या दिवसापासून खोल भुसा मिळाला त्याचं काच खरवडणं कमी होत होत बंद पडलं.

पण खरं सांगते, नवीन करायचा असेल तर सुतारदादाची पेटी कर. काच उन्हाळ्यात तापते.

सिडकोवाला_संभाजीनगर

चाकाचं राहिलं. वाटीएवढं चाक आजच काढून टाका. सीरियनला कमीत कमी २८ सेंमी व्यासाचं पाहिजे, ड्वार्फला २० च्या आसपास. पळताना पाठ सरळ राहिली पाहिजे, कमानीसारखी वाकली तर चाक लहान आहे. काड्यांचं चाक नको, पाय अडकतो, सलग पृष्ठभागाचं घ्या. एका रात्रीत हे कितीतरी किलोमीटर पळतात त्यामुळं ही काही शोभेची वस्तू नाही. म्हणूनच दोन फूट उंच पेटी लागते, खाली भुसा आणि त्यावर चाक उभं राहिलं पाहिजे. चाक थेट भुशावर ठेवलं तर रात्रीत खालून खणून आडवं पाडतो, म्हणून तळापासून लाकडी पाय लावून छोटा स्टूल करा आणि त्यावर चाक.

बीडचा_बाळू

शेजाऱ्याला जाऊन सांगितलं. त्यांनी नीट बघितलं तर एकाच्या कानाला आणि मागच्या पायाला जखमा. आज वेगळे केलेत, एक सध्या भाजीच्या क्रेटमध्ये आहे खाली पुठ्ठा आणि वरून जाळी बांधून, ते किती दिवस चालंल? आणि भुसा कुठला टाकायचा, सॉ मिलचा चालतो का?

परभणी_वेटस्टुडंट

क्रेट एखाद-दोन रात्री, त्याच्यावर नको, प्लॅस्टिक कुरतडून निघून जाईल. जखम चिघळली, सूज आली किंवा खाणं सोडलं तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. आपल्याकडं परभणी आणि उदगीर दोन्हीकडं पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. घरात पडलेलं माणसाचं औषध द्यायचं नाही, विशेषतः पेनिसिलीन गटातली अँटिबायोटिक हॅमस्टरला जीवघेणी ठरतात.

सॉ मिलच्या भुशात धूळ लई असते आणि कुठल्या कुठल्या लाकडाचा मिसळलेला आहे ते कळत नाही. देवदार, पाईनचा वासाचा भुसा टाळायचा. फर्निचर दुकानातला तर अजिबात नको, त्यात प्लाय आणि एमडीएफचा गोंद असतो. सोपा उपाय म्हणजे प्रिंटिंग प्रेस किंवा बाइंडिंगवाल्याकडं कोऱ्या पांढऱ्या कागदाचं कटिंग पोत्यानं मिळतं, ते आणा. नुसता कागद भरला तर बोगदा ढासळतो, म्हणून थरात गव्हाचं स्वच्छ कोरडं काड किंवा वाळलं गवत घाला आणि हातानं दाबून बसवा. फवारणीचं नको. आणि दुकानात तो कापसासारखा फुगीर बिछाना विकतात तो घेऊ नका, धागे पायाला गुंडाळतात, गालाच्या पिशवीत अडकतात.

एका कोपऱ्यात वाळूचं घमेलं ठेवा. नदीची बारीक वाळू चाळून, धूळ जाईपर्यंत धुवून, वाळवून, कढईत भाजून गार करून. हे त्यात लोळून अंग साफ करतात, पाण्यानं आंघोळ घालायची नाही. बरेच हॅमस्टर लघवीपण त्याच वाळूत करतात, मग सफाई एकदम सोपी.

अंबाजोगाईकर_काका

आमची नात पाळते, तिच्यासाठी मी बघतो सगळं. आपल्या भागाचं दोन गोष्टी सांगतो ज्या बाहेरच्या व्हिडिओत नसतात.

पहिली मुंग्या. हॅमस्टर दाणे खाऊन संपवत नाही, गालात भरून बिळात साठवतो, आणि पावसाळ्याच्या तोंडाला लाल मुंग्यांची रांग लागते. झोपलेल्या जनावराला चावतात. पेटी चार पायांवर ठेवायची आणि प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी, पूर्वी दुधातुपाच्या कपाटाला करायचो तसं. खडू आणि पावडर मारायची नाही, ती त्याच्याच पोटात जाते. ओलं खाणं, काकडी-गाजर वगैरे, सकाळी काढून टाकायचं, साठवलेले कोरडे दाणे मात्र सगळे काढू नका, त्याची ती कमाई असते, घाबरतो.

दुसरी गोष्ट ऊन. यांना २० ते २४ अंश मानवतं, तिशीच्या वर गेलं की आडवे पसरून पडतात, धापा टाकतात, आणि आपल्याकडं मे मध्ये ४२-४३ रोजचंच. जुनं माळवदाचं घर असेल तर नशीब, जाड मातीच्या भिंती आणि वरती मातीचा थर, दुपारी पण आत गार. आमच्याकडं गावाच्या वाड्यात एक खोली तशी शिल्लक आहे, उन्हाळाभर पेटी तिथं. पत्र्याखाली तर पाळूच नये. रेवा बाळ, तुझं स्लॅबचं घर आहे आणि वर गच्ची, तर घरातली सगळ्यात खालची आणि उत्तरेकडची जागा शोध, पेटी जमिनीलगत ठेव, मुंग्यांचं पाणी ठेवता येईल एवढेच पाय दे. आत शहाबादी फरशीचा एक तुकडा टाक आणि मातीची कुंडी किंवा माठाचा फुटका तळ उलटा ठेव, कडा घासून बोथट करून. दुपारी तो तिथंच जाऊन बसतो. बाटलीत पाणी गोठवून फडक्यात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवायची. कूलर खोलीत चालू दे पण वारा थेट पेटीवर नको, आणि कूलरच्या दमटपणानं कागदाला बुरशी येते म्हणून भुसा हात घालून बघत जा.

मोठ्या पेटीचा खरा फायदा उन्हाळ्यातच कळतो. जाड भुशाच्या तळाशी गारवा राहतो आणि कुठं बसायचं ते त्याला निवडता येतं. लहान पिंजऱ्यात जाणार कुठं?

परभणी_वेटस्टुडंट

काकांनी उन्हाचं सांगितलं, मी थंडीचं जोडतो. परभणीला डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ पर्यंत उतरतो. एवढी थंडी लागली आणि खाणं-बिछाना कमी असला तर हॅमस्टर आखडून गार पडतो, श्वास इतका हळू की मेला वाटतो. लोक पुरून टाकतात बिचाऱ्याला. हातात घेऊन अंगाच्या उबेनं हळूहळू गरम करायचं, धीर धरायचा आणि तेवढ्यात डॉक्टरांना फोन करायचा. हीटरसमोर धरायचं नाही.

रेवा_लातूर

अपडेट देतेय. ओळखीच्या सुतारमामांना जालन्याच्या दादांचं माप दाखवलं, ते म्हणाले होऊन जाईल, पुढची खिडकी ॲक्रिलिकची करायलेत कारण पोरगं धक्के मारतं. दिवाण भिंतीला सरकवला आणि स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीशी जागा काढली, तिथं ऊन येत नाही आणि गच्चीचा ताप पण कमी लागतो. गॅस दुसऱ्या टोकाला आहे, फोडणीचा धूर तिथपर्यंत जात नाही. प्रेसवाल्यांनी कागदाचं पोतं असंच दिलं.

पेटी येईपर्यंत काय करू? आणि नवीन पेटीत टाकताना एकदम टाकायचं का?

नांदेडची_स्मिता

तोपर्यंत त्याच पिंजऱ्याचा माळा काढून टाक, ट्रे भरून कागद घाल, पुठ्ठ्याचा खोका वरून घालून अंधार कर, आणि दाणे वाटीत न देता ज्वारी, बाजरी, करडई थोडी थोडी कागदात विखरून टाक, शोधण्यात त्याचा वेळ जातो. ज्वारीचं कणीस आख्खं मिळालं तर अजून छान, फक्त बिनफवारणीचं.

टाकताना जुना बिछाना, घाणेरडा वाटला तरी, दोन मुठी नवीन पेटीत झोपायच्या जागी टाक, त्याचा वास ओळखीचा असतो. संध्याकाळी उठल्यावर टाक, झोपेतून उठवून नको. पहिले काही दिवस हात घालू नका, पोराला सांग फक्त खिडकीतून बघायचं. आणि पुढं पण पूर्ण पेटी एकदम धुवायची नाही. मुताचा कोपरा आणि वाळू तेवढी साफ करत राहायची, बाकी भुसा थोडा थोडा बदलायचा. मोठ्या पेटीला वास कमी येतो त्यामुळं काम वाढत नाही, कमी होतं.

सुतार_जालना

मामांना एवढं सांगा ताई की झाकणाला दोन्ही टोकाला कडी लावा. मांजर वरून बसतं आणि एका बाजूची कडी असली की दुसरी बाजू उचलते. आणि चार बाय दोनची पेटी भरल्यावर जड होते, तळाला मधोमध एक आडवी पट्टी मारायला सांगा नाहीतर प्लाय खाली बाक घेतो.

बीडचा_बाळू

आमच्या शेजाऱ्याकडं जुनं टीव्हीचं शोकेस पडून आहे, पाच फुटाचं, काचेचे दरवाजे वर येतील असं आडवं पाडलं तर दोघांना मधे फळी घालून होईल का?

सुतार_जालना

मधे फळी घातली तर दोघांना अडीच-अडीच फूट येतं, कमी पडतं. एकाला आख्खं द्या. वरच्या काचा काढून जाळी मारा. दुसऱ्यासाठी शीट आणा, माप वर दिलंय, जालन्याकडं येणं झालं तर दुकानावर या, कापून देतो.